पिकअप घेताना : मावते किती आणि पेलते किती?

दौंड म्हटले की पहिल्याने रेल्वेचे जंक्शन आठवते. रात्रंदिवस तेथून मालगाड्या धडधडत जातात. पण रूळ काही कांद्याच्या वावरापर्यंत जात नाहीत. वावरातला कांदा, गोठ्यातले दूध, गुऱ्हाळातल्या गुळाच्या ढेपा बाजारात पोचवायच्या, तर दाराशी येणारे वाहन हवे. एके काळी हे काम बैलगाडी करी. आज दौंड किंवा शिरूर तालुक्यातल्या एखाद्या गावी पहाटे चारला जागे व्हा. माल भरलेली पिकअप पुण्याच्या दिशेने निघालेली ऐकू येईल.

आपल्याकडे अशा गाडीला अजूनही सर्रास ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द मूळचा एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्या कारखान्याशी करार करून १९५८ साली फिरोदिया यांनी ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी काढली आणि तीनचाकी मालगाड्या बनवण्यास सुरुवात केली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. २००५ मध्ये या कंपनीचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले. पण कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी दारात आली, की आपण म्हणतो, ‘टेम्पो आला’.

आता अशी कल्पना करा, की तुमच्याच घरी नवी पिकअप घेण्याचे घाटते आहे. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर चर्चा चालू आहे. काका विचारतात, “अ‍ॅव्हरेज किती देते?” शेजारचे दादा म्हणतात, “माल किती बसतो ते बघा.” ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, “चढाला ओढते कशी ते महत्त्वाचे.” आजीचा प्रश्न एकच, “हप्ता किती वर्षं भरायचा?” तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकता आणि हा मोठ्या माणसांचा विषय म्हणून गप्प राहता. पण थोडा विचार केलात तर लक्षात येईल, की यांतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. चार-पाच वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यायचे, तर आकडेमोड आधी झालेली बरी. आणि त्रैराशिक ताजे असलेले माणूस घरात बहुधा तुम्हीच असता!

मावणे आणि पेलणे

‘माल किती बसतो?’ हा प्रश्न दिसतो सोपा, पण त्यात दोन प्रश्न लपलेले आहेत. हौद्यात मावते किती, हा आकारमानाचा प्रश्न. गाडी पेलते किती, हा वजनाचा प्रश्न.

समजा, एका पिकअपचा हौदा २.६ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे आणि त्याच्या फळ्या अर्धा मीटर उंच आहेत. गुणाकार करा. आकारमान सुमारे २.२ घनमीटर येते. हा हौदा काठोकाठ भरला, तर वजन किती होईल? ते मालावर अवलंबून आहे. सुट्या कांद्याच्या एका घनमीटर ढिगाचे वजन साधारण ६०० किलोग्रॅम धरू, गव्हाचे ७५० आणि कोरड्या वाळूचे १,६०० धरू. मग हौदाभर कांदा सुमारे १,३०० किलोग्रॅम, हौदाभर गहू सुमारे १,६५० किलोग्रॅम, तर हौदाभर वाळू चक्क साडेतीन टन! हौदा तोच, पण वाळू कांद्याच्या अडीचपटीहून अधिक जड. म्हणजे डोळ्यांना ‘गाडी भरली’ असे दिसते, त्यावरून वजनाचा काहीच अंदाज येत नाही.

मग गाडी पेलते किती, हे कोठे पाहावे? ते गाडीच्या आर. सी. बुकात लिहिलेले असते. त्यात दोन वजने सापडतील. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त किती असावे ते. आपल्या कल्पनेतल्या पिकअपसाठी ही वजने १,६०० आणि ३,००० किलोग्रॅम मानू. वजाबाकी १,४०० किलोग्रॅम. पण थांबा! चालक आणि बरोबरची दोन माणसेही गाडीच वाहून नेते. त्यांचे मिळून २०० किलोग्रॅम धरले, तर मालासाठी उरले १,२००. पन्नास किलोच्या गोण्या असतील, तर चोवीस. पंचविसावी गोणी हौद्यात मावेल, तिसावीही मावेल, वर दोरी आवळून चाळीसही बसतील. पण चोवीस या आकड्यापाशी गाडीचे पेलणे संपले.

म्हणून गाडी घेताना पहिला हिशेब करायचा तो आपल्या मालाचा. फुले, कोथिंबीर, कोबी असा हलका पण जागा खाणारा माल असेल, तर लांब हौदा हवा. गूळ, खत, सिमेंट असा जड माल असेल, तर हौदा आखूड चालेल, पण पेलण्याची ताकद हवी.

पाटे बोलतात

भरलेली पिकअप मागून पाहा. चाकांच्या आत, आसावर, पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान दिसेल. हेच पाटे. यांचे काम समजण्यासाठी एक प्रयोग करा.

दोन सारख्या लवचीक पोलादी पट्ट्या घ्या. एक पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवून तिचा वीस सेंटिमीटर भाग बाहेर येऊ द्या आणि आतले टोक घट्ट दाबून धरा. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने वजन टांगा व टोक किती खाली येते ते मोजा. वजन दुप्पट करा. टोकही जवळजवळ दुप्पट खाली येईल. आता दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून पहिलेच वजन टांगा. वाक सुमारे निम्मा होईल. पाटे वाढवले की कमान कडक होते, ती अशी.

पाट्यांच्या वाकण्यामुळे खड्ड्यातला धक्का मालाला आणि माणसाला कमी लागतो. शिवाय पाटे बोलतातही! भार जास्त झाला, की गाडी मागे बसते आणि पाहणाऱ्याला सांगते, ‘आता पुरे’. पण पुष्कळ जण यावर एक युक्ती करतात. गॅरेजात जाऊन एक-दोन पाटे वाढवून घेतात. मग जादा भारालाही गाडी ताठ उभी राहते आणि मालकाला वाटते, गाडीची क्षमता वाढली. विचार करा, खरेच वाढली का? आस तोच आहे. टायर तेच, ब्रेक तेच, चासीही तीच. वाढला तो फक्त कमानीचा कडकपणा. तक्रार करणाऱ्याला गप्प बसवले, एवढेच झाले. दुखणे तसेच राहिले.

माल ठेवावा कोठे?

गावच्या शाळेतली सी-सॉ तुम्हाला ठाऊक आहे. टेकूपासून लांब बसलेले लहान मूलही जवळ बसलेल्या मोठ्या मुलाला उचलते. पिकअपच्या बाबतीत मागचा आस हा टेकू समजा.

पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर ३ मीटर आहे असे मानू. आता मागचा फाळका उघडा टाकून त्यावर ४०० किलोग्रॅमच्या गोण्या रचल्या आणि त्या मागच्या आसाच्याही ०.६ मीटर मागे आल्या. त्यांचा परिणाम असा होईल : ४०० × ०.६ ÷ ३ = ८०. पुढच्या चाकांवरचा भार ८० किलोग्रॅमने कमी झाला आणि तो मागे जाऊन मिळाला. म्हणजे ठेवले ४०० किलो, पण मागच्या चाकांवर आले ४८०! आश्चर्य वाटते ना?

पुढची चाके गाडीला वळवतात. त्यांच्यावरचा भार कमी झाला, की रस्त्यावरची त्यांची पकड कमी होते. चालक म्हणतो, ‘स्टेअरिंग हलके लागतेय’. त्याला ते सोयीचे वाटते, पण ती धोक्याची खूण असते. तेव्हा जड गोण्या केबिनच्या बाजूला आणि खाली, हलका माल मागे आणि वर, हा हमालांचा जुना नियम पक्क्या शास्त्राचा आहे.

ओढ आणि अश्वशक्ती

जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक असतो. तो जेवढा मोठा, तेवढी गाडी चांगली असे म्हणावे का?

२००५ साली टाटा मोटर्सने ‘एस’ ही छोटी चारचाकी मालगाडी बाजारात आणली. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘छोटा हत्ती’. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांनी तिचा आराखडा करण्यापूर्वी तीनचाकी चालवणाऱ्या लोकांना भेटून त्यांना काय हवे ते विचारले होते. त्यातून निघालेल्या गाडीला सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे, दोनच सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्याची शक्ती अवघी १६ अश्वशक्ती. आणि गाडी पाऊण टन माल नेत असे! हे कसे जमले?

आपण हिशेब करू. भरलेल्या छोट्या हत्तीचे वजन १,५५० किलोग्रॅम. वीस मीटर चालून गेल्यावर एक मीटर उंची चढते असा चढ घ्या. गाडीला मागे ओढणारे गुरुत्वाचे बल १,५५० × ९.८ ÷ २०, म्हणजे सुमारे ७६० न्यूटन. टायर फिरताना होणारा विरोध सुमारे २३० न्यूटन. एकूण ९९० न्यूटन. ताशी ३० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, चढायचे तर शक्ती लागेल ९९० × ८.३, म्हणजे सुमारे ८,२०० वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची. भागाकार केला तर ११ अश्वशक्ती येते. थोडी शक्ती गिअर आणि आस यांच्यातल्या घर्षणात जाईल. तरीही १६ पुरेशी आहे. आपल्या ३ टनी पिकअपला त्याच चढावर, त्याच वेगाने सुमारे २१ अश्वशक्ती पुरते.

मग मोठा आकडा कशासाठी? तो मुख्यतः वेगासाठी. चढावर खरी परीक्षा असते ती चाक फिरवणाऱ्या जोराची. त्याला टॉर्क म्हणतात. पान्याचा दांडा लांब असला की घट्ट बसलेली नटही फिरते, पण हात जास्त फिरवावा लागतो. पहिला गिअर म्हणजे असाच लांब दांडा. वेग कमी होतो, जोर वाढतो. ज्या इंजिनाचा टॉर्क कमी फेऱ्यांवरही भरपूर असतो, ते भरलेली गाडी चिखलातून आणि वावराच्या बांधावरून न रडता बाहेर काढते. मेकॅनिक ‘ओढते कशी’ असे विचारतात, ते याच गुणाविषयी.

अ‍ॅव्हरेजचा फसवा आकडा

आता काकांचा प्रश्न. समजा, एक छोटी गाडी लिटरला २० किलोमीटर जाते आणि ६५० किलोग्रॅम माल नेते. दुसरी मोठी गाडी लिटरला १३ किलोमीटर जाते आणि १,३०० किलोग्रॅम नेते. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) स्वस्त कोणती?

दौंडहून पाटस, यवत, उरुळी कांचन, हडपसर असे करत पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जायचे. जाऊन-येऊन १६० किलोमीटर धरा. कांदा आहे २,६०० किलोग्रॅम. छोट्या गाडीला चार खेपा लागतील, ६४० किलोमीटर. डिझेल ३२ लिटर. मोठीला दोन खेपा, ३२० किलोमीटर. डिझेल २४.६ लिटर. म्हणजे जिचे अ‍ॅव्हरेज वाईट, तीच कमी डिझेल प्याली! चालकाचे दोन दिवसही वाचले.

पण घाई करू नका. तुमच्याकडे रोज फक्त ६०० किलोग्रॅम भाजी निघत असेल तर? छोटी गाडी रोज ८ लिटर घेईल आणि मोठी १२.३ लिटर. आता मोठी गाडी अर्धी रिकामी धावते आणि रोज सव्वाचार लिटर डिझेल फुकट जाते. म्हणून नुसते ‘लिटरला किती किलोमीटर’ न विचारता ‘एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती डिझेल’ असे विचारावे. आणि त्याचे उत्तर गाडीच्या कारखान्याइतकेच आपल्या शेतातही दडलेले असते.

थांबणे

गाडी पाहायला गेलेली माणसे इंजिन सुरू करून पाहतात, हौदा ठोकून पाहतात. ब्रेकविषयी क्वचितच कोणी विचारते. वास्तविक भरलेल्या गाडीचा सर्वांत महत्त्वाचा गुण तो आहे.

आपली पिकअप नेमक्या ३,००० किलोग्रॅम वजनाची होऊन पुणे-सोलापूर महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. हंगामाचे दिवस आहेत. अंधारात पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक दिसते. चालक ब्रेक दाबतो. पूर्ण दाबल्यावर ब्रेक १५,००० न्यूटनचे रोधक बल देतात असे मानू. बलाला वस्तुमानाने भागले की प्रत्येक सेकंदाला वेग किती कमी होतो ते मिळते : ५ मीटर दर सेकंदाला. ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे २८ मीटरवर थांबते. ट्रॉली २८ मीटरच्या थोडी पुढे होती. सगळे वाचले.

आता त्याच गाडीत एक टन जास्त माल आहे. वजन झाले ४,००० किलोग्रॅम. ब्रेक तेच, बल तेच १५,००० न्यूटन. वेग आता सेकंदाला ३.७५ मीटरनेच कमी होईल आणि गाडीला थांबायला ३७ मीटर लागतील. फरक नऊच मीटरचा, असे वाटेल. पण प्रश्न असा विचारा : पहिली गाडी जेथे थांबली, त्या २८ मीटरच्या खुणेवर दुसरीचा वेग किती असेल? सूत्र तुम्हाला येते. उत्तर काढून पाहा. ताशी ३० किलोमीटर! जेथे शिस्तीत भरलेली गाडी उभी राहते, तेथे जादा भरलेली गाडी निम्म्या वेगाने धडकते.

उतारावर प्रकरण आणखी कठीण. नवी मुंबईत वाशीच्या बाजारात माल न्यायचा, तर बोरघाट उतरावा लागतो. खंडाळ्याकडून खोपोलीला येताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. ३,००० किलोग्रॅमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा १ कोटी ४७ लाख ज्यूलने कमी होते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेने सुमारे ४४ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. ४,००० किलोग्रॅमची गाडी असेल, तर ५८ लिटर. यांतला काही भाग हवेचा आणि टायरांचा विरोध घेतो. उरलेला इंजिनाने घ्यायचा किंवा ब्रेकने. इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवले, तर ते गाडीला अडवून धरते. तसे न करता सगळा भार ब्रेकवर टाकला, की ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. म्हणून जाणते चालक घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये कधीही टाकत नाहीत.

कायद्यालाही हे गणित ठाऊक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. वाचवलेल्या एका खेपेचे भाडे त्यापुढे कितीसे?

आकड्यांत न बसणारे गुण

काही गुण सूत्रात बसत नाहीत, पण ग्राहक ते बरोबर ओळखतो. गाडी बंद पडली तर सुटे भाग यवतला, केडगावला, शिरूरला मिळतील का? पुण्याहून भाग येईपर्यंत दोन दिवस गेले, तर हौद्यातली मेथी पिवळी पडते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. धूर कमी झाला, हे आपल्या फुप्फुसांच्या हिताचेच. पण नव्या इंजिनात संवेदक आणि धुरातली काजळी अडवणारी गाळणी आली. तिची दुरुस्ती नुसत्या पान्याने होत नाही. म्हणून ती जाणणारा कारागीर जवळ असणे हाही गाडीचा एक गुणच.

चालकाची बसण्याची जागा, पाठीचा टेका, सीटबेल्ट, रात्री दूरवर पडणारा प्रकाश हे मुद्देही ‘चैन’ म्हणून सोडून देऊ नयेत. पहाटे दोनला उठून गाडी चालवणारा माणूस बहुधा घरातलाच असतो. गाडीला पुढे जुन्या बाजारात किंमत किती येईल, हेही पाहावे. आणि दारात चारचाकी उभी राहिली, की गावात मान वाढतो, ही गोष्टही खरी. छोटा हत्ती घडवणाऱ्या अभियंत्यांना लोकांशी बोलताना हेही कळले होते. मानाची इच्छा असण्यात गैर काही नाही. मात्र मानासाठी अर्धी रिकामी धावणारी मोठी गाडी घेऊ नये आणि लोभासाठी छोट्या गाडीवर दुप्पट माल लादू नये.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी ओसरीवर ही चर्चा निघाली, की वही-पेन्सिल घेऊन पुढे सरकून बसा. आधी विचारा, “आपला माल कोणता, किती आणि जायचे कोठे?” मग मावणे आणि पेलणे यांतला फरक समजावून सांगा. काका आधी हसतील. पण २८ मीटरची गोष्ट ऐकल्यावर तेही पेन्सिल मागून घेतील.

स्वाध्याय

१. गावातल्या एखाद्या पिकअपच्या मालकांची परवानगी घेऊन आर. सी. बुकातली दोन्ही वजने लिहून घ्या. तीन माणसे धरून ५० किलोच्या किती गोण्या नेता येतील?

२. त्याच गाडीचा हौदा मोजून आकारमान काढा. तो गव्हाने काठोकाठ भरला तर गाडी पेलेल का?

३. दुधाची घनता लिटरला १.०३ किलोग्रॅम आहे. ४० लिटरच्या एका रिकाम्या कॅनचे वजन काट्यावर करा. १,२०० किलोग्रॅम पेलणारी गाडी असे किती भरलेले कॅन नेईल?

४. जादा भरलेल्या गाडीचा वेग ताशी ६० ऐवजी ४५ किलोमीटर असता, तर ती किती मीटरवर थांबली असती? उत्तरावरून चालकासाठी एक नियम तयार करा.